रक्तातलं मिर-२१ वाढलंय, मग रेडिएशन घ्यायचं की नाही?

ग्वाल्हेरहून, लष्कर भागातून, एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या धाकट्या भावाचं, वय ४३, जिभेच्या कडेच्या कॅन्सरचं ऑपरेशन इंदुरात होऊन २३ दिवस झाले. रिपोर्टात गाठ २.६ सेंटिमीटर, खोली ८ मिलिमीटर, कडा साफ, मानेतल्या ३४ ग्रंथींपैकी एकीत आजार पण ग्रंथीचं कवच शाबूत, आणि नसेभोवती (मज्जातंतूभोवती) कॅन्सरच्या पेशी, असं लिहिलं आहे. डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं. दरम्यान कुणा ओळखीच्यांच्या सांगण्यावरून घरच्यांनी एका खाजगी लॅबमधून रक्ताची मायक्रोआरएनए तपासणी करून घेतली. तिचा निकाल आला, 'मिर-२१ चौपट वाढलेला, पुअर प्रोग्नोसिस', म्हणजे मिर-२१ नावाचा मायक्रोआरएनए वाढला आहे आणि आजाराचा कल वाईट. भावाने ते मोबाइलवर वाचलं आणि म्हणाला, "जायचंच आहे, तर तोंड भाजून घेऊन कशाला जाऊ?" ताईंचे प्रश्न दोन आहेत. ही तपासणी कितपत खरी? आणि तीच लॅब आता लाँग नॉन-कोडिंग आरएनएचं मोठं पॅनल, म्हणजे अशा अनेक आरएनएंची एकत्र तपासणी, करू म्हणते, ती करावी का?

ताई, उत्तर लांबणार आहे, म्हणून तातडीचं आधी सांगते. त्या चौपटीवर काहीही ठरवू नका. पॅनल करू नका. आणि रेडिएशनची तारीख याच आठवड्यात घ्या. तोंडाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हावं, असा आम्हा सगळ्यांचा प्रयत्न असतो. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. त्यातले २३ गेले. पहिल्या किरणाआधी दातांची तपासणी, चेहऱ्याचा मास्क, सीटी, आखणी हे सगळं व्हायचं असतं आणि त्यात आठदहा दिवस सहज जातात. घरात आज जी चर्चा चालली आहे, ती या उरलेल्या दिवसांतून वजा होते आहे.

मी इंदुरात बावीस वर्षं पॅथॉलॉजी करते. त्यातला फार मोठा वेळ तोंडाच्या कॅन्सरच्या स्लाइड बघण्यात गेला. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटखा बंद केला, देशात सगळ्यांत आधी. तरी सुपारीचं पाउच वेगळं, तंबाखूचं वेगळं घेऊन तळहातावर एक करणारे तिशी-चाळिशीतले पुरुष माझ्या टेबलापर्यंत पोचतातच. त्यांच्या बहिणी आणि बायका रिपोर्ट हातात धरून जे विचारतात, ते सगळं शेवटी एकाच प्रश्नावर येतं. वाचेल ना? तुमचाही प्रश्न तोच आहे, फक्त तो मिर-२१च्या नावाने आला आहे.

त्यातली खरी अडचण मला अशी दिसते. एका कागदाने रोगाचा कल सांगितला आणि भावाने तो उपचाराबद्दलचा निकाल म्हणून वाचला. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. काही खुणा असं सांगतात की हा आजार स्वभावाने किती तापट आहे, परत येण्याची शक्यता जास्त की कमी. त्याला प्रोग्नोसिस म्हणतात. दुसऱ्या काही खुणा असं सांगतात की अमुक उपचार याला लागू पडेल की नाही. पहिल्या प्रकारची खूण वाईट आली म्हणजे उपचार फुकट, असा अर्थ होत नाही. उलट ऑपरेशननंतरचं रेडिएशन ज्यांना धोका जास्त त्यांनाच देतात. ज्याची गाठ छोटी, उथळ, ग्रंथी सगळ्या स्वच्छ, त्याला आम्ही 'घरी जा, नियमित दाखवत राहा' एवढंच सांगतो. तेव्हा मिर-२१चा तो आकडा अगदी खरा धरला, तरी त्यातून निघणारं शहाणपण 'रेडिएशन घे' हेच आहे. भावाने गणित उलटं मांडलं. भीतीत माणूस तसंच मांडतो, त्याला दोष देऊ नका.

आता तो आकडा खरा धरावा का, हे बघू. त्यासाठी हे आरएनए प्रकरण आहे तरी काय, ते थोडं समजून घ्यायला हवं.

तुम्ही ग्वाल्हेरच्या, मी इंदूरची. दप्तरखाना म्हणजे काय ते आपल्या दोघींना समजावायला नको. मूळ कागद रुमालात बांधून ठेवलेले असतात. त्यांची नक्कल होते, ती कारखान्यावर जाते आणि तिथे माल तयार होतो. पेशीत मूळ कागद म्हणजे डीएनए, नक्कल म्हणजे मेसेंजर आरएनए, आणि माल म्हणजे प्रथिनं. माणसाच्या जीनोमचा, म्हणजे साऱ्या डीएनएचा, पहिला मसुदा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हापासून एक गोष्ट डोळ्यांत भरत होती. प्रथिनांची कृती सांगणारा भाग दोन टक्क्यांहूनही कमी आहे, सारी मिळून वीस हजारांच्या आसपास जनुकं. उरलेल्याला कित्येक जण अडगळ म्हणत. पुढे २०१२ मध्ये एन्कोड प्रकल्पाने दाखवलं की जीनोमचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग कुठल्या ना कुठल्या पेशीत आरएनएत उतरतो. त्यातल्या बहुतेक आरएनएपासून प्रथिन बनत नाही. त्यातलं किती कामाचं आणि किती निव्वळ खरडलेलं, यावर अजून वाद आहे. पण काही नक्की कामाचे आहेत. ते दप्तरातल्या कारकुनांसारखे आहेत. माल बनवत नाहीत, पण कुठली नक्कल पुढे जाऊ द्यायची, कुठली दाबून ठेवायची, कुठला रुमाल उघडायचाच नाही, हे ते सांभाळतात.

यातले सगळ्यांत छोटे म्हणजे मायक्रोआरएनए, जेमतेम बावीस अक्षरांचे. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांच्या प्रयोगशाळांना ते एका मिलिमीटरभर लांबीच्या जंतात सापडले. त्याच कामाला २०२४ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. मायक्रोआरएनए मेसेंजरच्या शेपटाला अर्धवट जुळून चिकटतो आणि त्याचं काम थांबवतो. जुळणी अर्धवटच लागते, म्हणून एकेक मायक्रोआरएनए शेकडो नकलांवर हात ठेवू शकतो. मिर-२१ ज्यांना दाबतो त्यांत पीटेन आणि पीडीसीडी-४ ही पेशीच्या वाढीला आवर घालणारी जनुकं आहेत. ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी धावणार. म्हणून खूप कॅन्सरांमध्ये मिर-२१ वाढलेला मिळतो. २००८ मध्ये आतड्याच्या आणि २००९ मध्ये जिभेच्याच कॅन्सरमध्ये असं दिसलं की गाठीत मिर-२१ जास्त असलेल्यांचं पुढे जरा वाईट झालं. म्हणजे तुमच्या लॅबने हवेतून काही काढलेलं नाही. या गोष्टीला मूळ आहे, आणि ते चांगलं मूळ आहे.

पण वरच्या वाक्यातला 'गाठीत' हा शब्द परत वाचा. ती मोजणी कापून काढलेल्या गाठीत केली होती. तुमच्या भावाची मोजणी झाली रक्तात, आणि तीही ऑपरेशननंतर.

माझा सगळ्यांत मोठा आक्षेप इथे आहे. गाठ तर निघून गेली. मग त्या नळीत मिर-२१ कुणाचा होता? मिर-२१ हा केवळ कॅन्सरचा नाही. सूज आली, जखम भरायला लागली, व्रण धरायला लागला की तो वाढतो. हृदयातल्या, फुप्फुसातल्या व्रणांवर काम करणारे लोकही याच मिर-२१चा अभ्यास करतात. आणि तुमच्या भावाची जीभ कापून शिवली आहे, मान कानामागून हनुवटीखालपर्यंत उघडून परत बंद केली आहे. तीन आठवड्यांत शरीर तीच दुरुस्ती करत असतं. अशा रक्तात मिर-२१ वाढलेला दिसला तर मला त्याचं जराही आश्चर्य वाटणार नाही. कॅन्सर उरला आहे की जखम भरते आहे, यातला फरक तो एकटा आकडा दाखवू शकत नाही.

दुसरं, 'चौपट' ऐकून छातीत धस्स होतं. पण ही मोजणी ज्यात होते त्या पीसीआरच्या यंत्रात दर फेरीला माल दुप्पट होतो. म्हणजे चौपट हा फक्त दोन फेऱ्यांचा फरक. आणि कुणाच्या चौपट? हे रिपोर्टात लिहिलं आहे का बघा. निरोगी माणसांच्या? किती जणांच्या? त्या वयाच्या, तंबाखू खाणाऱ्या? शिवाय कुठलाही आरएनए मोजताना दुसरा एखादा स्थिर आरएनए माप म्हणून धरावा लागतो, नाहीतर नळीत रक्तच कमी आलं की बाकी कमी आलं, हे कळत नाही. रक्तात असं सर्वमान्य माप आजही ठरलेलं नाही. पुष्कळ ठिकाणी मिर-१६ वापरतात. पण तो तांबड्या पेशींत भरपूर असतो. सुई नीट लागली नाही, थोडं रक्त फुटलं, की मापच फुगतं आणि बाकी सगळे आकडे सरकतात. वजनकाट्याचं मापच रोज बदलत असेल तर गव्हाचा भाव कसा सांगणार?

रक्तातले मायक्रोआरएनए टिकाऊ असतात हे २००८ मध्ये दाखवलं गेलं, आणि ते खरं आहे. ते बारीक पिशव्यांत किंवा प्रथिनांना चिकटून फिरतात, म्हणून रक्तातल्या आरएनए तोडणाऱ्या विकरांपासून वाचतात. तेव्हा मलाही खूप आशा वाटली होती. सुईने थोडं रक्त काढलं की कॅन्सरचा कल कळेल, गरीब पेशंटला परत परत चिरफाड नको. मी आमच्याकडे ते बसवून बघितलं. पहिल्याच महिन्यात लक्षात आलं की आम्ही कॅन्सरपेक्षा रक्त काढण्याची पद्धतच मोजतोय. रक्त गोठू नये म्हणून नळीत रसायन असतं. त्यातलं हेपॅरिन पीसीआर बिघडवतं, म्हणून ईडीटीएचीच नळी लागते. तासा-दोन तासांत ती यंत्रात वेगाने फिरवून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा द्रव, वेगळा करायला हवा, नाहीतर पेशी आपला माल बाहेर सोडत राहतात. एकदा फिरवून भागत नाही. प्लेटलेट्समध्ये मायक्रोआरएनए ठासून भरलेले असतात, म्हणून दुसऱ्यांदा, जास्त वेगाने फिरवावं लागतं. प्लाझ्मा गुलाबी दिसला, म्हणजे रक्त फुटलं, की नळी बाद. एकाच माणसाचं एकाच वेळी काढलेलं रक्त दोन नळ्यांत घेऊन एक लगेच फिरवली आणि एक संध्याकाळपर्यंत टेबलावर ठेवली, तर दोघींचे आकडे जुळले नाहीत. त्यानंतर मी पेशंटच्या हातात असा रिपोर्ट देण्याचा विचार सोडून दिला.

तुमच्याकडे रक्त घरी येऊन नेलं असणार. ती नळी कुठली होती, किती तासांनी फिरवली, रक्त फुटलं होतं का, हे रिपोर्टात आहे का ते बघा. नसेल तर तो आकडा वाचण्यालायक नाही, मग तो चौपट असो की अर्धा.

आता मोठ्या पॅनलबद्दल. लाँग नॉन-कोडिंग आरएनए म्हणजे दोनशे अक्षरांहून लांब, पण प्रथिन न बनवणारे. यातलं गाजलेलं नाव हॉटएअर. ते २००७ मध्ये सापडलं. २०१० मध्ये स्तनाच्या कॅन्सरमध्ये असं दिसलं की मूळ गाठीत हॉटएअर जास्त असेल तर आजार पसरण्याची आणि मृत्यूची शक्यता जास्त. कारणही पटण्यासारखं होतं. ते डीएनएच्या गुंडाळीत फेरफार करणाऱ्या प्रथिनांना धरतं आणि काही रुमाल कायमचे बंद करायला लावतं. दुसरं नाव मॅलॅट-१. याची गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते, तुम्हालाही सांगते. २००३ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ते मिळालं आणि पसरणाऱ्या गाठींत जास्त असतं म्हणून त्याच्या नावातच 'मेटास्टॅसिस' घातलं. पुढे कितीतरी कॅन्सरांत ते वाईट खूण म्हणून नोंदलं गेलं. मग २०१२ मध्ये मॅलॅट-१ अजिबात नसलेले उंदीर तयार केले, तर ते बिनतक्रार जगले. आणि २०१८ मध्ये उंदरांच्या स्तनाच्या कॅन्सरवर नेटाने केलेल्या प्रयोगात निघालं की मॅलॅट-१ पसरण्याला चक्क आळा घालतं. एकच रेणू, पंधरा वर्षांत दोन विरुद्ध निष्कर्ष. यात कुणी खोटं बोललं असं नाही. कारकून एकच असला तरी दप्तर बदललं की त्याचं काम बदलतं. कुठला अवयव, कुठली पेशी, कुठली पायरी, यावर सगळं अवलंबून असतं. तेव्हा स्तनात किंवा फुप्फुसात दिसलेली खूण जिभेवर तशीच लावता येत नाही.

मग पॅनल जितकं मोठं तितकं खरं, असं नाही का? दुर्दैवाने बऱ्याचदा उलट होतं. अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलासने २०१५ मध्ये डोकं-मानेच्या २७९ गाठींची तपशीलवार माहिती प्रसिद्ध केली, ती सगळ्यांसाठी खुली आहे. फार मोलाचं काम आहे ते. पण शेकडो पेशंट एका बाजूला आणि हजारो आरएनए दुसऱ्या बाजूला असले, की नुसत्या योगायोगानेही काही आरएनए मृत्यूशी जुळलेले दिसतातच. त्यातले चांगले जुळणारे सहा-आठ उचलले, रेषा कुठे मारली की दोन गट सुंदर वेगळे दिसतात ते नंतर बघितलं, की झाली 'सिग्नेचर' तयार. पुढच्या गावच्या पेशंटांवर लावली की ती बऱ्याचदा ढासळते. अभ्यासांतल्या याच खोडीवर उपाय म्हणून २००५ मध्ये रिमार्क नावाची नियमावली आली. प्रोग्नोसिसच्या खुणेवरचा अभ्यास कसा मांडावा, रेषा आधी ठरवली होती का, स्टेज आणि बाकीच्या ठाऊक गोष्टी वजा केल्यावर खूण उरते का, हे सगळं उघड सांगा, असं ती म्हणते. लॅबवाल्यांना तुम्हीही हेच विचारा. रेषा कुणी, कधी, कुठल्या पेशंटांवर ठरवली? जिभेच्या किती पेशंटांवर, ऑपरेशनआधी की नंतर? ग्रंथी आणि खोली माहीत असताना हा आकडा त्यांच्यापलीकडे नवं काय सांगतो? आणि शेवटचं, जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: पॅनल चांगलं आलं तर भावाचं रेडिएशन रद्द करणार का? वाईट आलं तर काय वेगळं देणार? दोन्हीचं उत्तर 'नाही, काही वेगळं नाही' असेल, तर त्या तपासणीतून फक्त भीती विकत मिळते.

मी आरएनएच्या विरोधात आहे असं मात्र समजू नका. स्तनाच्या कॅन्सरच्या एका गटात २१ जनुकांच्या मेसेंजर आरएनएची तपासणी, ऑन्कोटाइप, आज खरंच निर्णय बदलते. २०१८ च्या टेलरएक्स अभ्यासात दहा हजारांहून जास्त बायका होत्या आणि त्यातून कळलं की मधल्या गुणांच्या बहुतेकींना केमो न देताही चालतं. प्रोस्टेटमध्ये पीसीए-३ हा लाँग नॉन-कोडिंग आरएनए लघवीत मोजतात. परत बायोप्सी करायची की नाही, एवढ्या एका प्रश्नासाठी अमेरिकेत त्याला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. या दोन्ही ठिकाणी प्रश्न आधी ठरला होता, मग तपासणी आली.

आणखी एक उदाहरण देते, कारण भावाला ते उपयोगी पडेल. रक्ताच्या एका संथ कॅन्सरमध्ये, ज्याला सीएलएल म्हणतात, बऱ्याचदा १३ नंबरच्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. २००२ मध्ये कळलं की त्या तुकड्यात मिर-१५ आणि मिर-१६ आहेत, आणि ते हरवल्याने पेशी मरायचं विसरतात. कॅन्सर आणि मायक्रोआरएनए यांचं नातं पहिल्यांदा पक्कं झालं ते इथे. आणि तरी ज्यांच्यात फक्त तेवढाच तुकडा गळालेला असतो, ते पेशंट त्या रोगात सगळ्यांत चांगले जगतात. रोग घडवणारी गोष्ट आणि पुढे काय होईल ते सांगणारी गोष्ट, या अशा वेगळ्या असतात. 'मिर-२१ कॅन्सर वाढवतो' हे वाचून भावाने पुढची पायरी स्वतःच मनाने जोडली.

आता तुमच्याकडे जो रिपोर्ट आहे तिकडे वळते. ताई, प्रोग्नोसिसचा उत्तम कागद तुमच्या घरात आधीच आहे. तो हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेली गाठ मायक्रोस्कोपखाली तपासल्याचा, रिपोर्ट. त्यात नवं काही नाही म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

खोली ८ मिलिमीटर. ती आम्ही अशी मोजतो: गाठीच्या शेजारच्या निरोगी अस्तराच्या तळापासून एक आडवी रेषा धरायची आणि तिथून सर्वांत खोल गेलेल्या पेशीपर्यंत ओळंबा सोडायचा. बाहेरून दिसणारा आकार फसवतो, खोली फसवत नाही. म्हणून आठव्या आवृत्तीच्या स्टेजिंगमध्ये, २०१७ साली, ती अधिकृतपणे घेतली. दहा मिलिमीटरच्या आत असल्याने भावाची गाठ टी-२ मध्ये, म्हणजे गाठीच्या चार पायऱ्यांपैकी दुसरीत, बसते. मान उघडण्याचंही असंच आहे. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने २०१५ मध्ये दाखवलं की ग्रंथी हाताला लागत नसतानाही पहिल्याच ऑपरेशनमध्ये मान साफ केली, तर तीन वर्षांनी ८० टक्के पेशंट जिवंत असतात, आणि थांबून नंतर केली तर ६७.५ टक्के. आपल्या देशात, आपल्यासारख्याच पेशंटांवर झालेला अभ्यास आहे तो. तुमच्या भावाच्या ३४ ग्रंथी काढल्या, म्हणजे सर्जननी मान मनापासून साफ केली आहे.

एका ग्रंथीत आजार मिळाला, म्हणून स्टेज तीन. नसेभोवती पेशी आहेत. या दोन्हींमुळे रेडिएशन सांगितलं, आणि माझ्या मते बरोबर सांगितलं. पण ग्रंथीचं कवच शाबूत आहे, हे त्या रिपोर्टातलं सगळ्यांत चांगलं वाक्य आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले युरोप आणि अमेरिका इथले दोन मोठे अभ्यास पुढच्या वर्षी एकत्र तपासले, तेव्हा समजलं की रेडिएशनबरोबर केमो जोडल्याचा खरा फायदा मुख्यतः दोघांना होतो: ज्यांच्या ग्रंथीचं कवच फुटलं आहे आणि ज्यांच्या कापलेल्या कडेवर आजार उरला आहे. तुमच्या भावाकडे दोन्ही नाही. म्हणून फक्त रेडिएशन, साधारणपणे ३० सिटिंग, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. हा बरं करण्यासाठी आखलेला उपचार आहे. स्टेज तीन ऐकून माणसं शेवट धरतात. तोंडाच्या कॅन्सरमध्ये तसा धरायचा नसतो.

काही गोष्टी मात्र मी इथून ठरवू शकत नाही. कवच फुटलं आहे की नाही, हे कधीकधी दोन पॅथॉलॉजिस्टांना वेगळं दिसतं, विशेषतः ग्रंथी जेमतेम फुगलेली असेल तर. पॅनलवर खर्च करायला जे पैसे काढून ठेवले आहेत, त्यांतले थोडे वापरून स्लाइड दुसऱ्या एखाद्या तोंडाच्या कॅन्सरच्या जाणकाराला दाखवून घ्या. दोन-चार दिवसांचं काम आहे आणि त्यातून उपचार खरोखर बदलू शकतो. पण मास्क आणि आखणी त्यासाठी थांबवू नका, दोन्ही बरोबर चालू द्या. रेडिएशन इंदुरात घ्यायचं की ग्वाल्हेरला, हे घरच्या सोयीवर आहे. पाचशे किलोमीटरवर सहा आठवडे राहणं सोपं नाही, आणि एकही दिवस न चुकवता पूर्ण होणं जास्त महत्त्वाचं. तोंड किती उघडतं, वजन किती उतरलं, दात कसे आहेत, यावरही बरंच आहे. पाउच अजून चालू असेल, तर आजपासून बंद. जिभेचा उरलेला भाग आणि गाल त्याच तंबाखूत भिजलेले आहेत, दुसरी गाठ तिथून येऊ शकते.

आणि गाठीचा मेणातला ब्लॉक जपून ठेवायला सांगा, निदान कुठे ठेवला आहे त्याची लेखी नोंद घ्या. मायक्रोआरएनए इतके छोटे असतात की फॉर्मॅलिन आणि मेणातही वर्षानुवर्षं टिकतात. उद्या खरोखर उपयोगी अशी एखादी तपासणी आली, किंवा देव न करो पण आजार परतला आणि इम्युनोथेरपीसाठी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागं करणारा उपचार) गाठीतलं पीडी-एल-१ हे प्रथिन बघायची वेळ आली, तर तो ब्लॉकच कामाला येईल. रक्ताची ती नळी येणार नाही.

राहता राहिला भाऊ. त्याला हा सगळा लेख वाचून दाखवू नका, त्याला आत्ता एवढं ऐकवणार नाही. मी अशा पेशंटांना माझ्या दोन डोक्यांच्या मायक्रोस्कोपसमोर बसवते आणि त्यांची स्वतःची ग्रंथी दाखवते. निळ्या ठिपक्यांच्या मधे ते गुलाबी बेट दिसतं आणि त्याच्याभोवती, न तुटलेली, पातळ गुलाबी रेघ. ती रेघ म्हणजे कवच. बहुतेक जण बराच वेळ बघत राहतात आणि मग विचारतात, "म्हणजे हे बाहेर नाही पडलं?" नाही पडलं. जे चुकूनमाकून उरलं असेल, त्याच्यासाठी सहा आठवडे. तुमच्या स्लाइड जिथे आहेत तिथल्या पॅथॉलॉजिस्टना विनंती करा, कुणी नाही म्हणत नाही. पण आधी सकाळी रेडिएशनच्या विभागात फोन करून मास्कची तारीख घ्या. उद्या २४वा दिवस असेल.